पेशीतली परांची

गावाकडे घराचा स्लॅब भरला जातो तेव्हाचे दृश्य अनेकांनी पाहिलेले असते. शहरात आता काँक्रीट पंपाच्या नळीतून थेट वर जाते, पण लहान गावांत अजून जुनीच पद्धत चालते. खाली मिक्सर घरघरत असतो, बांबूंच्या परांचीवर ठरावीक अंतराने बाया-माणसे उभी असतात आणि भरलेले घमेले या हातातून त्या हातात करत वर पोहोचते. परांची स्वतः एकही घमेले उचलत नाही. पण ती वेडीवाकडी बांधली, तर तेवढीच माणसे आणि तेवढाच माल असूनही स्लॅब भरून होत नाही.

शरीरातल्या पेशींमध्ये नेमके हेच काम करणारी प्रथिने आहेत. त्यांना स्कॅफोल्ड प्रथिने म्हणतात; स्कॅफोल्ड म्हणजे परांचीच. ती स्वतः रासायनिक काम फारसे करत नाहीत. काम करणाऱ्या प्रथिनांना योग्य क्रमाने, एकमेकांच्या हाताशी उभे करणे एवढाच त्यांचा उद्योग. त्यामुळे अनेक वर्षे संशोधकांचेही त्यांच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. आज मात्र मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासून तान्ह्या बाळांच्या रक्ताच्या कर्करोगापर्यंत अनेक आजारांचा धागा या परांचीपाशी येऊन पोहोचतो.

आधी निरोप कसा जातो ते पाहू. त्वचेला जखम झाली, की कडेच्या पेशींना ‘आता विभाजन करा’ असा निरोप बाहेरून मिळतो. वाढीला चालना देणारा रेणू पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला येऊन चिकटतो. त्यामुळे पेशीच्या आवरणाच्या आतल्या बाजूचे रॅस हे प्रथिन जागे होते. रॅस रॅफला जागे करते, रॅफ मेकला आणि मेक एर्कला. एर्क पेशीच्या केंद्रकात शिरते आणि विभाजनासाठी लागणारी जनुके चालू होतात. रॅफ, मेक आणि एर्क ही तिन्ही कायनेज जातीची एन्झाइम आहेत. पुढच्या प्रथिनावर फॉस्फेटचा एक छोटा तुकडा चिकटवायचा, हे कायनेजचे काम. तो चिकटला की पुढचे प्रथिन कामाला लागते. स्लॅबच्या रांगेत एकच घमेले वरपर्यंत जाते, इथे प्रत्येक टप्प्यावर नवे भरले जाते, एवढाच फरक.

वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत ही साखळी बाणांनी दाखवतात. रॅफपासून मेककडे बाण, मेकपासून एर्ककडे बाण. परीक्षेला ते सोयीचे असते, पण त्या बाणात खरा प्रश्न झाकला जातो. माणसाच्या जनुकसंचात ५००हून अधिक कायनेजची नोंद आहे. पेशीच्या आत हजारो प्रकारच्या प्रथिनांची दाटी असते. त्यातली काही कायनेज एकाच वेळी तीन-चार वेगवेगळ्या निरोपांच्या साखळ्यांत काम करतात. मग गर्दीत योग्य जोडीदार सापडतो कसा, आणि एका साखळीचा निरोप दुसरीत का शिरत नाही?

याचे पहिले स्पष्ट उत्तर मिळाले ते पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये. यीस्टच्या पेशी दोन प्रकारच्या असतात. समोरच्या प्रकाराने सोडलेल्या रासायनिक गंधाची चाहूल लागली, की यीस्टची पेशी विभाजन थांबवते आणि जोडीदाराच्या दिशेने एक टोक काढून वाढू लागते. हे मीलन ज्यांना जमत नाही अशा वांझ यीस्टचा अभ्यास करताना बिघडलेल्या जनुकांची यादी तयार झाली. त्यातले एक स्टे-५. त्याचे प्रथिन कोणतेच ओळखीचे एन्झाइम दिसत नव्हते, तरी ते नसले की मीलन ठप्प. १९९४ मध्ये उलगडा झाला. स्टे-५ मीलनाच्या साखळीतली तिन्ही कायनेज एकाच वेळी, वेगवेगळ्या जागी धरून ठेवते. परांची सापडली ती अशी.

पुढचा प्रयोग तर फारच मजेदार आहे. मीलनाच्या साखळीतले पहिले कायनेज यीस्ट आणखी एका कामाला वापरते. भोवती मीठ वाढले, की स्वतःचा बचाव करण्याच्या साखळीतही तेच असते. म्हणजे मजूर एकच, इमारती दोन. २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील वेंडेल लिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन साखळ्यांच्या परांच्या प्रयोगशाळेत एकमेकींना जोडल्या. मग यीस्टला मीलनाचा गंध दिला. पेशींनी जोडीदार शोधण्याऐवजी मिठाचा मारा सोसण्याची तयारी केली! एन्झाइम सगळी जुनीच होती, बदलले होते फक्त कोण कोणाशेजारी उभा आहे ते. पेशीतल्या निरोपाचा अर्थ नुसता रेणूंवर ठरत नाही, त्यांच्या शेजारावरही ठरतो, हे यापेक्षा नेमकेपणाने दाखवणे कठीण.

माणसाच्या पेशीत रॅफ, मेक आणि एर्क यांना एकत्र आणणाऱ्या परांच्यांपैकी सर्वाधिक अभ्यासलेली म्हणजे केएसआर. १९९५ मध्ये ती फळमाशीत आणि एका सूक्ष्म जंतात जवळजवळ एकाच वेळी सापडली. रॅस अतिसक्रिय केलेल्या माश्यांचे डोळे खडबडीत होतात. केएसआरचे जनुक बिघडवले, की ते पुन्हा सुधारत. म्हणजे रॅसचा धुडगूस केएसआरशिवाय चालत नव्हता. दिसायला केएसआर कायनेजसारखेच आहे, पण सस्तन प्राण्यांत ते फॉस्फेट चिकटवण्याचे काम जवळजवळ करतच नाही. एकेकाळी मजूर असलेला माणूस पुढे मुकादम व्हावा, तसा प्रकार.

कर्करोगाच्या दृष्टीने ही माहिती महत्त्वाची होती. माणसाच्या सुमारे २० टक्के कर्करोगांत रॅस कुटुंबातल्या जनुकांत बदल झालेला असतो. रॅस एकदा चालू स्थितीत अडकले, की बाहेरून निरोप येवो न येवो, ‘विभाजन करा’ ही ओरड सुरूच राहते. रॅसला थेट आवर घालणारे औषध कित्येक दशके सापडत नव्हते. अशात २००३ मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या उंदरांत केएसआर-१ अजिबात नव्हते, ते केसांच्या मुळांची रचना विस्कळीत असणे सोडले तर जवळजवळ नेहमीसारखे वाढले. पण बिघडलेल्या रॅसमुळे होणाऱ्या त्वचेच्या गाठी त्यांना झाल्या नाहीत. निरोगी शरीर परांचीशिवाय कसेबसे भागवते, कर्करोगाला मात्र ती हवीच असते, अशी आशा त्यातून निर्माण झाली.

ही आशा सरळ औषधात उतरली नाही, आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. पहिले कारण प्रमाणाचे. परांची जास्त म्हणजे काम जास्त, असे वाटते. तसे होत नाही. स्लॅबवर दहा मजूर आहेत आणि परांची एक आहे, तर रांग लागते. त्याच दहा मजुरांसाठी दहा परांच्या बांधल्या, तर प्रत्येकीवर एकेक जण उभा राहील आणि घमेले कुणाच्याच हाती पोहोचणार नाही. प्रयोगशाळेत केएसआर-१ चे प्रमाण वाढवत नेले, की निरोप आधी जोरकस होतो आणि एका मर्यादेनंतर पुन्हा क्षीण होतो. त्यामुळे एखाद्या गाठीत स्कॅफोल्ड प्रथिन ‘वाढलेले’ दिसले, एवढ्यावरून ते आजाराला मदत करते की अडवते हे सांगता येत नाही. ‘कर्करोगाचे प्रथिन सापडले’ अशा मथळ्यांकडे वाचकांनी जरा सावधपणे पाहावे, ते यासाठीही. दुसरे कारण असे, की परांच्यांना इतरही कामे असतात. केएसआरचे भावंड असलेले केएसआर-२ नसलेले उंदीर लठ्ठ होतात. लहानपणापासून तीव्र लठ्ठपणा असलेल्या काही माणसांतही त्याच जनुकात दोष आढळले आहेत.

शेजाराचे महत्त्व डॉक्टरांना खऱ्या अर्थाने कळले ते एका चांगल्या औषधाच्या दुष्परिणामातून. मेलॅनोमा हा त्वचेचा आक्रमक कर्करोग. त्याच्या सुमारे निम्म्या रुग्णांत रॅफच्या एका प्रकारात, बी-रॅफमध्ये, बदल असतो. हे २००२ मध्ये समजले आणि या बदललेल्या बी-रॅफला बंद करणारे वेम्युराफेनिब २०११ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. पसरलेल्या मेलॅनोमापुढे वैद्यकशास्त्र जिथे हतबल होते, तिथे गोळ्यांनी काही आठवड्यांत गाठी विरघळू लागल्या. पण सुमारे पाचातल्या एका रुग्णात विचित्र प्रकार घडला. मेलॅनोमा आटत असतानाच त्वचेवर दुसऱ्याच प्रकारच्या, स्क्वेमस पेशींच्या कर्करोगाच्या गाठी उगवू लागल्या. कर्करोगाच्या औषधाने कर्करोग!

खुलासा असा. निरोगी पेशीतले रॅफ एकट्याने काम करत नाही, जोडीने करते. जोडीतल्या एकाला औषध चिकटले, की तो स्वतः थंडावतो, पण त्याच्या अंगाची ठेवण बदलते आणि शेजारचा जोडीदार अधिकच जोमाने कामाला लागतो. उन्हातान्हाने ज्या त्वचापेशींतले रॅस आधीच बिघडलेले असते, तिथे अशा जोड्या भरपूर जमतात. म्हणून मेलॅनोमात निरोप बंद पाडणारी गोळी शेजारच्या त्वचेत तोच निरोप मोठ्याने ओरडून सांगत होती. सुदैवाने या गाठी बहुधा लवकर दिसतात आणि शस्त्रक्रियेने काढता येतात. पुढे रॅफच्या औषधाला मेक अडवणाऱ्या ट्रॅमेटिनिबसारख्या औषधाची जोड देण्यात आली आणि हे प्रमाण बरेच घटले.

ट्रॅमेटिनिबची गोष्टही परांचीपाशीच येते. ते २०१३ मध्ये वापरात आले तेव्हा ‘मेकला बंद करणारे औषध’ अशीच त्याची ओळख होती. हे औषध नेमके कसे बसते याचे बारीक चित्र २०२० मध्ये पुढे आले, तेव्हा दिसले की केएसआर आणि मेक जिथे एकमेकांना टेकतात, त्या सांध्यातल्या खोबणीत ते शिरते आणि केएसआरलाही स्पर्श करते. इतकी वर्षे डॉक्टर एका मजुराचे नाव घेत होते, औषधाचा एक हात परांचीवर होता. औषध आधी लागू पडते आणि का लागू पडते ते नंतर समजते, असे वैद्यकात अनेकदा झाले आहे.

इथवर परांची कर्करोगाच्या कामी आलेली दिसली. मोठ्या आतड्यात गोष्ट उलटी आहे. तिथे परांची मोडल्याने कर्करोग होतो, आणि ही माहिती प्रयोगशाळेपुरती नाही, ती बाह्यरुग्ण विभागातल्या रांगेतही लागते.

आतड्याचे अस्तर दर काही दिवसांनी नवे होते. त्यासाठी पेशींना विभाजनाचा हुकूम देणारे बीटा-कॅटेनिन हे प्रथिन लागते. गरज नसेल तेव्हा ते लगोलग नष्ट करण्याची सोय पेशीत असते. १९९७ मध्ये ओळख पटलेले अ‍ॅक्सिन हे या सोयीचे मुख्य खांब-वासे. त्याच्यावर एपीसी हे भले मोठे प्रथिन, दोन कायनेज आणि खुद्द बीटा-कॅटेनिन असे सगळे एकत्र येतात. कायनेज बीटा-कॅटेनिनवर फॉस्फेटची खूण करतात आणि खूण झालेले प्रथिन पेशीच्या कचराकुंडीत जाते. एपीसीचे जनुक १९९१ मध्ये शोधले गेले. मोठ्या आतड्याच्या दर दहा कर्करोगांपैकी सुमारे आठांत हे जनुक बिघडलेले असते. बहुतेक वेळा प्रथिन मधेच तुटते आणि अ‍ॅक्सिनला धरण्याच्या जागाच गळून पडतात. कायनेज जागेवर, बीटा-कॅटेनिन जागेवर, पण त्यांची गाठ घालून देणारे कोणी नाही. मग बीटा-कॅटेनिन साचत जाते, विभाजनाचा हुकूम चालूच राहतो आणि अस्तरावर पॉलिप, म्हणजे मांसल कोंब, उगवतात.

बहुतेक माणसांत हा बिघाड आयुष्यात कधीतरी एखाद्या पेशीत होतो. काही कुटुंबांत मात्र एपीसीची एक प्रत जन्मतःच सदोष असते. अशा मुलामुलींच्या मोठ्या आतड्यात किशोरवयापासून शेकडो, कधी हजारो पॉलिप तयार होतात. उपचार न केल्यास चाळिशीच्या आसपास कर्करोग जवळजवळ अटळ असतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा दोष असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी; मुलगा असो वा मुलगी, फरक नाही. सुमारे चौथ्या हिश्श्यातल्या रुग्णांत घरात आधी कोणालाच काही झालेले नसते.

आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. विशीतल्या तरुणाला शौचातून रक्त जाते, घरचे म्हणतात मूळव्याध आहे. कोणीतरी मलम देते, कोणी पुडी बांधून देते, कोणी तिखट बंद करायला सांगते. रक्त थांबते, पुन्हा सुरू होते, त्यात दोन-तीन वर्षे जातात. तरुण वयात रक्त जाण्याचे कारण बहुतेकदा मूळव्याध किंवा फिशर असते हे खरेच, पण तपासल्याशिवाय ते ठरवता येत नाही. बोटाने गुदद्वाराची तपासणी करायला दोन मिनिटे लागतात आणि तीच संकोचाने टाळली जाते. जवळच्या नात्यात पन्नाशीच्या आत कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, रक्तासोबत वजन घटत असेल, शौचाची सवय बदलली असेल किंवा हिमोग्लोबिन कारण नसताना उतरले असेल, तर दुर्बीण घालून तपासणी करून घ्यायला हवी. कुटुंबात एपीसीचा दोष माहीत असेल, तर मुलांची ही तपासणी साधारण १० ते १५ वर्षांच्या दरम्यान सुरू करतात. पॉलिप फार झाल्यावर मोठे आतडे काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. तो निर्णय विशीच्या उंबरठ्यावरच्या मुलाला सांगणे सोपे नसते, पण योग्य वेळी झालेली शस्त्रक्रिया आयुष्य वाचवते. रक्ताच्या नमुन्यावरून जनुकाची तपासणी करता येते. ज्या भावंडात दोष निघत नाही, त्याला दरवर्षीच्या दुर्बिणीतून सुटका मिळते, हाही तिचा मोठा फायदा. घरात तपासणीचा विषय काढायला मोठ्या माणसांनाच पुढे व्हावे लागते. अनेक घरांत ‘मामा पोटाच्या आजाराने गेले’ एवढेच सांगितले जाते.

मोडकी परांची औषधाने टेकू देऊन उभी करता येईल का? प्रयत्न झाला आहे. अ‍ॅक्सिन पेशीत मुळातच थोडे असते आणि टँकिरेज नावाचे एन्झाइम त्याची विल्हेवाट लावत असते. टँकिरेजला अडवले की अ‍ॅक्सिन टिकते, हे २००९ मध्ये दाखवले गेले. कल्पना सुरेख होती. पण निरोगी आतड्याच्या अस्तरालाही रोजच्या नूतनीकरणासाठी बीटा-कॅटेनिनचा हुकूम लागतोच. उंदरांत या औषधांनी आतड्यालाच इजा झाल्याचे दिसले. या वाटेने रुग्णांपर्यंत पोहोचलेले औषध आज नाही. अमुक रस किंवा तमुक पावडर पेशींची ‘संदेशवहन यंत्रणा’ सुधारते अशा जाहिराती अधूनमधून दिसतात, त्यांना यातला कोणताच आधार नाही.

परांचीला थेट हात घालणारे औषध आले ते अगदी वेगळ्या दिशेने. मेनिन हे केंद्रकात राहणारे, कोणतेही एन्झाइमचे काम न करणारे प्रथिन. त्याचे जनुक १९९७ मध्ये सापडले, कारण ते बिघडलेल्या कुटुंबांत पॅराथायरॉइड, पिच्युटरी आणि स्वादुपिंडात गाठी होतात. म्हणजे तिथे मेनिन राखणदार. काही वर्षांत लक्षात आले, की रक्ताच्या एका कर्करोगात तेच मेनिन घरभेदी ठरते. या ल्युकेमियात केएमटी-२ए हे जनुक तुटून भलत्याच जनुकाला जोडले जाते. त्यातून बनलेले मिश्र प्रथिन मेनिनचा आधार घेऊन जनुकांवर बसते आणि पेशींना प्रौढ होऊ देत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळांना होणाऱ्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात बहुतेकांत हाच बदल असतो आणि तो उपचारांना दाद देत नाही म्हणून बदनाम आहे.

मेनिनच्या पृष्ठभागावर एक खोलगट खोबणी आहे. केएमटी-२एचा छोटासा भाग तिथे अडकतो. त्याच खोबणीत बसणारे रेव्ह्युमेनिब हे औषध नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्य केले. आजार उलटलेल्या किंवा उपचारांना न जुमानणाऱ्या, या बदलाच्या ल्युकेमियाच्या रुग्णांसाठी, एक वर्षावरील मुलांसह. ज्या चाचणीवर ही मान्यता मिळाली, त्यात १०४ रुग्णांपैकी २२ जणांचा आजार पूर्ण आटोक्यात आला. पाचात एक हा आकडा छोटा वाटेल, पण हे बाकी उपाय हरलेले रुग्ण होते. इथे औषध कर्कपेशींना सरळ मारत नाही. आधार सुटल्याने त्या वयात येतात आणि प्रौढ रक्तपेशींसारख्या वागू लागतात. हा बदल एकदम झाला, तर ताप, धाप आणि सूज अशी गंभीर अवस्था ओढवू शकते, म्हणून सुरुवातीचे आठवडे बारकाईने लक्ष ठेवावे लागते.

औषध सुरू असताना काही रुग्णांत आजार पुन्हा डोके वर काढतो. त्यांच्या पेशी तपासल्यावर अनेकांत मेनिनच्याच जनुकात नवा बदल सापडला, तोही नेमका त्या खोबणीच्या भिंतीत. औषधाला आता तिथे नीट बसता येत नाही, पण केएमटी-२ए मात्र पूर्वीसारखेच अडकते. म्हणून आता हे औषध आजार उलटण्याची वाट न पाहता, सुरुवातीलाच केमोथेरपीसोबत देऊन पाहण्याच्या चाचण्या सुरू आहेत.